काडाच्या गठ्ठ्यावर भाजी लावताय? या चुका टाळा

गव्हाच्या काडाचा गठ्ठा म्हणजे कुंडी नव्हे. तो आधी तापतो, मग निवतो आणि हळूहळू कुजत जातो. रोपाची मुळं त्या कुजण्यावरच जगतात. ज्यांच्या वावरात चोपण (खारवट, पाणी न मुरणारी जमीन) आहे, परसात नुसता मुरूम आहे किंवा वाफ्यात सूत्रकृमी (मुळांवर जगणारे बारीक जंत) बसली आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत फार कामाची. पण घाई केली की फसते.

माझी पहिल्या वर्षी फसली. गठ्ठा भिजवला आणि तिसऱ्याच दिवशी भरिताच्या वांग्याची रोपं लावली. आठवड्यात सगळ्यांनी माना टाकल्या. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, उकडल्यासारखी. ओलं काड कुजायला लागलं की आतलं तापमान ५०-६० अंशांवर जातं, आणि कुजवणारे जिवाणू असेल नसेल तेवढं नत्र स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून आधी गठ्ठ्याला खाऊ घालायचं, मग रोपाला.

साधारण तीन फूट लांबीच्या, १५-२० किलोच्या कोरड्या गठ्ठ्याला मी असं करतो: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी १०० ग्रॅम युरिया वरून पसरून पाण्याने आत जिरवायचा, मधल्या दिवशी नुसतं पाणी. सातव्या, आठव्या, नवव्या दिवशी ५०-५० ग्रॅम. दहाव्या दिवशी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) चे १०० ग्रॅम. पाणी बेताने द्या. बुडातून तपकिरी पाणी वाहू लागलं की तुमचा युरिया त्याच्याबरोबर चालला. बाराव्या-चौदाव्या दिवशी हात आत खुपसून पाहा. चटका बसला तर थांबा, कोमट लागलं तर लावा. युरिया नको असेल तर सरकीची ढेप आणि पातळ केलेलं गोमूत्र चालतं, पण मग तीन आठवडे तरी धरा.

काड घेतानाच निम्मी चूक होते. मळणीयंत्रातून निघालेलं कुटार, म्हणजे बारीक भुसा, पोत्यात भरून कुणी लागवड करू पाहतं; ते दबून लगदा होतं आणि मुळांना हवा मिळत नाही. हार्वेस्टरमागे राहिलेलं लांब काड बेलरने (गठ्ठे बांधायच्या यंत्राने) बांधलेलं हवं. गवताचा गठ्ठाही नको, त्यातलं बी उगवून वर कुरण होतं. आणि चाऱ्याची टंचाई असेल त्या वर्षी हा प्रयोग करूच नका. अवकाळीत भिजलेले, गुरं तोंड लावत नाहीत असे गठ्ठे मिळाले तर तेच घ्या; ते कुजायला लवकर लागतात.

गव्हावर रुंद पानांच्या तणांचं औषध मारलं होतं का, हेही विचारा. तणनाशकाच्या वाऱ्याने कपाशीची पानं कशी आकसतात, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. टोमॅटो आणि शेंगवर्गीय पिकं तितकीच नाजूक. गठ्ठा तयार झाला की कोपऱ्यात चार चवळीचे दाणे टोचा. पहिली पानं सरळ आली तरच रोपं आणा.

गठ्ठा मांडताना काडाची कापलेली टोकं वर आणि दोऱ्या बाजूंनी, जमिनीला समांतर. दोरी कापू नका. भरिताचं वांगं जड, झाड उंच. दीड-दोन महिन्यांत गठ्ठा खचला की ते आडवं होतं. बांबू लागवडीच्या दिवशीच जमिनीत ठोका. उघडी पडलेली मुळं कुजलेल्या शेणखताने झाका. वाळवी असलेल्या जागी गठ्ठा ठेवूच नका.

मार्चमध्ये काड मिळतं म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात सुरुवात करणं ही आपल्याकडची मोठी चूक. भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना गठ्ठा निवत नाही आणि बाहेरून सुकत जातो. गठ्ठे कोरड्यात ठेवा, श्रावणात कानबाईचा सण झाला की कामाला लागा. मोठा पाऊस आला तर त्या दहा दिवसांत वर ताडपत्री टाका.

पाण्यासाठी वरून १६ मिलिमीटरची एक ठिबक नळी पुरते. सलग अर्धा तास सोडू नका, ते पाणी खालून निघून जातं. दहा-दहा मिनिटं तीनदा सोडा. एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब असं झालं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. तो रोग नाही. पाणी अनियमित असल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

पानं पिवळी पडली तर गठ्ठा अजून नत्र खातोय. २० ग्रॅम युरिया पाच-सहा लिटर पाण्यात विरघळवून घाला. कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, काड नीट कुजतंय. फक्त त्या खाऊ नका.

हंगाम संपला की उरलेला काळा भुगा केळीच्या बुंध्याशी पसरा. त्याआधी दोऱ्या एकूणएक वेचून घ्या. प्लॅस्टिकची दोरी गुरांच्या पोटात गेली तर जनावर हातचं जातं.