लार्ज फॉरमॅट फिल्मवरच्या लँडस्केप फोटोंचं पुस्तक काढायचंय? क्राउडफंडिंगचं पेज उघडायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी डमी (पुस्तकाचा कच्चा नमुना) बनवा. खरंच. कॅम्पेनचं (लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्याचं) पेज, व्हिडिओ, रिवॉर्ड (पैशांच्या बदल्यात द्यायच्या वस्तू) हे सगळं नंतर. निवडलेल्या फोटोंचे छोटे प्रिंट काढा, जमिनीवर पसरा, आठवडाभर तसेच राहू द्या आणि येताजाता क्रम बदलत बसा. माझ्या अनुभवात या आठवड्यात निम्मे फोटो गळतात, आणि गळणारे बहुतेक तेच असतात जे काढायला आपण पहाटे तीनला उठून ट्रायपॉड खांद्यावर घेऊन डोंगर चढलेलो असतो, वाईट वाटतं पण वाचणाऱ्याला ती चढण दिसत नाही, त्याला पान दिसतं.

क्रम ठरला की खऱ्या साइजची कोरी डमी करून घ्या, त्याच कागदाची, त्याच पुठ्ठ्याची. बरेच प्रेसवाले करून देतात. कारण पुढचा सगळा हिशोब वजनावर येतो. लार्ज फॉरमॅटच्या ४x५ इंची निगेटिव्हचा आकार बघता ३० बाय २५ सेंमीचं आडवं पान छान बसतं. १२८ पानं म्हणजे १६ पानी ८ फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं; पानांची संख्या फर्म्यात बसेल अशीच ठेवा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे भराल). १२८ पानं म्हणजे ६४ कागद, १७० जीएसएमचा (एका चौरस मीटरला १७० ग्रॅम) कागद धरला तर नुसती आतली पानंच ८०० ग्रॅमच्या वर जातात, त्यात पुठ्ठा, अस्तर, जाड खोका, कोपऱ्यांचं पॅकिंग धरलं की पार्सल दीड किलोच्या आसपास. आता हा आकडा घेऊन कुरियरचे आणि पोस्टाचे दर बघा, देशातले वेगळे, परदेशातले वेगळे. पुष्कळ लोक छपाईचा खर्च अगदी बरोबर काढतात आणि शिपिंगचा आकडा अंदाजाने टाकतात, आणि मग कॅम्पेन यशस्वी होऊनसुद्धा खिशातून पैसे भरतात.

कोटेशन घेताना एकाच आकड्यावर घेऊ नका, ३००, ५०० आणि १००० प्रतींचं मागा. ऑफसेटमध्ये (प्लेटवरून होणारी छपाई) प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च प्रती कमी असोत की जास्त, तेवढाच, म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीची किंमत झरझर खाली येते. १००-१५० प्रतीच जातील असं वाटत असेल तर डिजिटल छपाईचा विचार करा, त्यात कमीपणा काही नाही. बांधणी मात्र शिलाईचीच घ्या, नुसत्या गोंदाचं जाड पुस्तक नीट उघडत नाही. आणि तरीही फोटो दोन पानांवर पसरवू नका, मधल्या घडीत क्षितिजाची रेघ तुटली की संपलं.

स्कॅनिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक उगाच पैसे घालवतात. ५ इंची निगेटिव्ह १० इंचावर छापायची म्हणजे फक्त दुप्पट, ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) छापायला ६०० पीपीआयचा स्कॅन पुरतो, एवढं तर साधा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर पण देतो. अडचण रिझोल्यूशनची नसतेच, अडचण असते स्लाइड फिल्मच्या (जिच्यावर चित्र थेट खऱ्या रंगात दिसतं) गडद सावल्यांची, वेल्वियासारख्या फिल्मवर सावलीतले तपशील फ्लॅटबेडला नीट दिसतच नाहीत. म्हणून ड्रम स्कॅन (फिल्म फिरत्या नळकांड्यावर लावून करतात तो महागडा स्कॅन) फक्त अशा मोजक्या स्लाइडचे करा, कलर निगेटिव्ह आणि ब्लॅक अँड व्हाइटचं फ्लॅटबेडवर आरामात भागतं. रिवॉर्डमध्ये ४० इंची प्रिंट देणार असाल तर ती आठपट होते, म्हणजे २४०० पीपीआय, तर त्या दोनतीन फोटोंचाही चांगला स्कॅन आत्ताच करून ठेवा. आणि स्लाइडमधले ते भडक हिरवे-निळे रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत) जसेच्या तसे येणार नाहीत हे मनात पक्कं करा, प्रेसचं कलर प्रोफाइल (त्यांच्याकडे रंग कसे उमटतात त्याची फाइल) मागून स्क्रीनवर सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल त्याचा अंदाज) बघा आणि अवघड ४-५ फोटोंचं कागदी प्रूफ पैसे देऊन काढा. पुस्तक ब्लॅक अँड व्हाइट असेल तर ड्युओटोनचं (दोन शाईंच्या छपाईचं) कोटेशन वेगळं मागा, एकट्या काळ्या शाईत ती खोली येत नाही.

आता पैसे मागण्याचं. किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवर टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे मिळतात, दुसऱ्या काही साइटवर जमले तेवढे घ्यायचा पर्याय असतो. ऑफसेट पुस्तकासाठी मी पहिलाच प्रकार घ्या म्हणेन, कारण निम्मे पैसे हातात आणि पुस्तक पूर्ण द्यायचं कबूल केलेलं, यासारखी वाईट अवस्था नाही. किकस्टार्टर ५ टक्के घेतं, पेमेंटचे चार्जेस वेगळे, वर काही कार्डं फेल होतात, त्यामुळे १० टक्के तरी बाजूला धरून टार्गेट ठरवा, टॅक्स वेगळा. कॅम्पेनमध्येच शिपिंग घेतलं तर ते पण जमलेल्या रकमेत मोजलं जातं, आकडा फुगलेला दिसतो, त्यावर हुरळून जाऊ नका.

६० दिवसांपर्यंत मुदत मिळते पण ३० दिवस पुरे, पैसे पहिल्या दोनतीन आणि शेवटच्या दोनतीन दिवसांतच जास्त येतात. पहिल्या दिवशी कोण घेणार ते आधीच माहीत हवं, म्हणून निदान सहा महिने आधीपासून ईमेलची यादी जमवायला लागा, सोशल मीडियावरचे लाइक त्यात धरू नका. व्हिडिओत स्वतःबद्दल फार बोलू नका, काळ्या कापडाखाली शिरून ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागची धुरकट काच) उलटं दिसणारं चित्र दाखवा, होल्डरमध्ये फिल्मच्या दोनच शीट असतात ते दाखवा, ज्याने हे कधी पाहिलं नाही तो तिथेच थांबतो. आणि ती कोरी डमी हातात धरून दाखवा.

रिवॉर्ड चारच ठेवा: पुस्तक, सही केलेलं पुस्तक, पुस्तक आणि प्रिंट, आणि पेटीतली मोजक्या प्रतींची आवृत्ती. कप, टी-शर्ट नकोत. डार्करूममध्ये हाताने केलेली कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली) फार सुंदर रिवॉर्ड आहे, पण मर्यादा घाला, १०० प्रिंट म्हणजे कित्येक रात्री.

कॅम्पेन संपल्यावर पैसे साधारण दोन आठवड्यांनी येतात. त्यानंतर दर महिन्याला अपडेट टाका, उशीर होणार असेल तर कळल्या दिवशीच सांगा. प्रेसवाल्याकडून लेखी घ्या की ठरल्यापेक्षा किती प्रती कमी-जास्त येऊ शकतात, आणि वाटेत कोपरे मोडतात त्यासाठी थोड्या प्रती जास्तीच्या काढा. एक पॅक केलेलं पार्सल कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघा. आणि शेवटच्या पानावर मदत करणाऱ्यांची नावं छापणार असाल तर फाइल प्रेसला जायच्या आधी प्रत्येकाकडून स्वतःच्या नावाचं स्पेलिंग लिहून मागवा, पेमेंटच्या यादीत असतं ते कार्डावरचं नाव, बऱ्याचदा ते कार्ड नवऱ्याचं किंवा मुलीचं निघतं.