ड्राफ्टमध्ये वर निवडलेल्या पोरावर किती विसंबायचं?

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली सर्वात मोठी आइस हॉकी लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दर वर्षी क्रमाक्रमाने तरुण खेळाडू निवडणं. त्यात पहिल्या फेरीत निवडलेला पोरगा म्हणजे आपल्या संघाची पुढची दहा वर्षं पक्की, असं धरून चालणाऱ्या एनएचएलप्रेमींसाठी हे लिहितोय. मी कॅनडातल्या किचनरला राहतो, ओंटारिओ हॉकी लीग या ज्युनियर लीगचे सामने मैदानात बसून बघतो. या पोरांवर माझा जीव आहे, म्हणूनच अठराव्या वर्षी त्यांच्या पाठीवर टाकलेलं ओझं बघवत नाही.

आधी क्रमांक नीट वाचा. पहिल्याच क्रमांकावर घेतलेले फॉरवर्ड (पुढे, आक्रमणात खेळणारे) बहुधा टिकतात: ओवेच्किन, क्रॉस्बी, मॅकडेविड. तिथून खाली उतरलात की शेजारशेजारच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. 2015 साली बोस्टनकडे 13, 14 आणि 15 असे सलग तीन क्रमांक होते. त्यांनी झबोरिल, डेब्रस्क आणि सेनिशिन घेतले. लगेच पुढच्या तीन क्रमांकांवर गेले बर्झाल, काइल कॉनर आणि शाबो. बोस्टनच्या तिघांतला डेब्रस्क तेवढा स्थिरावला.

मग जन्मतारीख बघा. ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997चा. दोन दिवसांनी त्याचा 2015चा ड्राफ्ट हुकला आणि 2016 साली टोरंटोने त्याला पहिला घेतला. एकाच ड्राफ्टमधल्या दोन पोरांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि त्या वयात वर्ष म्हणजे उंची, ताकद, सगळंच. धाकट्याचे पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) थोडे कमी असले तरी मी त्याच्याकडे जास्त लक्ष देतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो पॉइंट कसे आले हे बघण्यात. नेल याकुपोव्हने ओंटारिओ लीगमधल्या सार्नियाकडून पहिल्याच मोसमात 49 गोल केले होते. 2012 साली एडमंटनने त्याला पहिला घेतला. 350 सामने, 62 गोल, आणि 2018 नंतर तो एनएचएलमध्ये दिसला नाही. फटका जबरदस्तच होता, पण पक (खेळातली रबरी चकती) आपल्याकडे नसताना उभं कुठं राहायचं हे त्याला कधी नीट जमलं नाही, असं माझं मत. म्हणून एखाद्या पोराचा सामना बघताना एक अख्खी शिफ्ट (बर्फावरची त्याची एक पाळी) पक सोडून फक्त त्याच्यावर नजर ठेवा. पक गमावल्यावर तो मागे धावतो का? पॉवर प्लेचे (समोरच्यांचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असतानाचे) पॉइंट बाजूला काढले तर हातात काय उरतं?

गोलकीपरच्या बाबतीत तर क्रमांकावर विसंबूच नका. 2000 साली डिपिएट्रो पहिला गेला आणि लुंडक्विस्ट 205वा. पुढे सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी मिळाली ती लुंडक्विस्टला.

आणि घाई नको. जॅक ह्यूजला पहिल्या मोसमात 61 सामन्यांत 21 पॉइंट मिळाले, तेव्हा लोक लगेच नाकं मुरडू लागले. 2022-23 मध्ये त्याने 99 केले. केल मकार 2017 साली चौथा निवडला गेला, पण आधी दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळला, मगच कोलोराडोत आला. पहिला करार तीन वर्षांचा असतो. तो संपत आला की बघा, एका गोलची आघाडी टिकवायची असताना शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक त्याला बर्फावर पाठवतो का. ज्याला तेव्हा बाकावर बसवतात, त्याची मला काळजी वाटते.

यश कशाला म्हणायचं तेही ठरवून घ्या. मॅनी मल्होत्राचे वडील भारतीय, त्यामुळे आपल्याकडे त्याचं नाव आवर्जून निघतं. 1998 साली रेंजर्सने त्याला सातवा घेतला. मोठा गोल करणारा तो झाला नाही, पण फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक) जिंकून आणि बचाव सांभाळून 991 सामने खेळला. ज्युनियरमध्ये गोलांचा पाऊस पाडणारा तुमचा पोरगा असाच तिसऱ्या ओळीत (पहिल्या दोन आक्रमक फळ्यांच्या मागच्या फळीत) रुळला, तर त्याच्या नावावर काट मारण्याआधी त्याच्या शिफ्ट किती वेळा आपल्याच गोलसमोरच्या फेसऑफने सुरू होतात ते मोजा; तिथे प्रशिक्षक बचावात भरवशाच्या खेळाडूलाच पाठवतो.