करिअर मार्गदर्शनाचा चार्ज घेताना

जूनमध्ये शाळेत कामांची वाटणी होते. पोषण आहार, स्काउट, विज्ञान मंडळ अशी नावं पुकारून झाली की उरलेलं ‘करिअर मार्गदर्शन’ सगळ्यात नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. माझ्याही असंच पडलं. आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली, आठवी ते दहावी. निम्म्याहून जास्त लेकरांचे मायबाप ऊसतोडीला जाणारे. पहिल्या वर्षी मी एक पाहुणा बोलावला. हार-नारळ, दीड तास भाषण, फोटो, अहवाल. मग वर्गात विचारलं, काय व्हायचंय? चाळीस लेकरांकडून पाच उत्तरं आली: डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस आणि ‘एमपीएससी’. भाषणाआधी विचारलं असतं तरी हीच आली असती. पोरांनी तरी काय करावं? पगार घेणारी माणसं त्यांनी तेवढीच पाहिलेली.

आता मी आठवीपासून एक गृहपाठ देतो. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला कुठंही गेलात की काम करणारा एक माणूस गाठायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या: काय शिकलात, किती वर्षं लागली, खर्च किती आला. वही घेऊन जायचं, लाजायचं नाही. एस.टी. आगारातला मेकॅनिक, जनावरांच्या दवाखान्यातले साहेब, माती तपासणारी ताई, गावात मीटर बसवायला येणारा वायरमन, अशी माणसं त्या वह्यांत येऊ लागली. एक पोरगा आजीला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेला होता. परत आल्यावर मला म्हणतो, “सर, एक्स-रे काढणारा डॉक्टर नव्हताच. त्याचं शिक्षणच येगळं हाय.” त्या पोराला जे कळलं, ते माझ्या पाहुण्याला दीड तासात सांगता आलं नव्हतं.

वर्षातून एकदा आयटीआयला घेऊन जा. सुट्टीच्या दिवशी नको, यंत्रं चालू असताना. आमच्याकडे आयटीआय म्हणजे नापासांचं ठिकाण असा समज पक्का आहे आणि तो शिक्षकांतही आहे, हे कबूल करायला हवं. मागच्या वर्षी वेल्डिंगच्या शेडमध्ये नववीतल्या एका मुलीनं तो काळा मुखवटा डोक्यावर चढवून पाहिला. शेजारच्या पोरांनी खी-खी केलं. तिनं तो काढलाच नाही, तशीच निदेशकांकडे वळून विचारलं, “मुलीला घेतात का?” घेतात. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे. दोन वर्षांच्या कोर्सनंतर पुढं पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि पॉलिटेक्निकवरून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हा जिना फळ्यावर काढून दाखवा, तोंडी सांगितलेला डोक्यात राहत नाही. पॉलिटेक्निकला प्रवेश परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते, हेही अनेकांना माहीत नसतं.

माझी एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. एका पोराचा जीव ट्रॅक्टर, मोटारी आणि ठिबकच्या नळ्यांत अडकलेला. म्हणाला, शेतीतलंच शिकायचंय. मी म्हणलं, मग गणित कशाला, जीवशास्त्र घे. शेती म्हणजे जीवशास्त्र, असं माझं आपलं गणित. बारावीनंतर आम्ही दोघं परभणीच्या कृषी विद्यापीठाची माहिती वाचत बसलो. त्याला हवं होतं ते कृषी अभियांत्रिकी, आणि त्याला बारावीत गणित लागतं. पोरगं काही बोललं नाही. बी.एस्सी. कृषीला गेलं, ठीक चाललंय. पण तेव्हापासून मी कुणालाही विषय ‘सोड’ म्हणण्याआधी त्या कोर्सची माहिती पुस्तिका उघडतो. पात्रतेचं पान आधी वाचायचं, बाकीचं नंतर.

पोलीस भरतीवाल्यांना हिरमुसवू नका, पण भिंतीला पाठ लावून उभं करा. मुलांना 165 सेंटिमीटर उंची लागते, बारावी पास लागतं, आणि 1600 मीटर पळून झाल्यावर लेखी परीक्षाही असते. नववीतल्या पोराची उंची वाढायची असते, म्हणून नाही म्हणायचं नाही. फक्त खडूनं खूण करून ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी बघायची.

पालकांचा प्रश्न ठरलेला: “लातूरला टाकावं का?” लातूर पॅटर्ननं, म्हणजे तिथल्या घोटून घेणाऱ्या तयारीनं, अनेक घरं वर आली, हे खरंच आहे. मी उलट विचारतो, ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत 720 पैकी कितीपेक्षा कमी पडले तर थांबायचं, आणि मग नर्सिंग, फार्मसी यातलं काय? हे आधी ठरवूनच जमीन गहाण टाकायची का ते बघा. मुलींच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो: घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, 2024 पासून. ‘पोरीवर एवढा खर्च’ हे वाक्य निम्मं तिथंच विरतं.

आता कागदं. बाकी सगळं जमलं आणि दाखला नाही, तर पोरगं यादीतून बाहेर. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, अधिवास. शहरातल्या शाळा हे जूनमध्ये करतात. आमच्याकडे दसरा झाला की टोळ्या निघतात, दिवाळीपर्यंत गाव रिकामं होतं. म्हणून दहावीची पालकसभा मी पोळ्याच्या आसपास घेतो, तीही आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हणजे आया येतात. जातीच्या, अधिवासाच्या दाखल्याचे अर्ज बापाच्या सह्या घेऊन तेव्हाच करायचे. उत्पन्नाचा दाखला मात्र चालू वर्षाचा लागतो, तो टोळ्या परतल्यावर.

आणि मोबाइल नंबर तपासा. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी बापाच्या फोनवर जातो, बाप असतो कर्नाटकातल्या फडात. गेल्या हिवाळ्यात रात्री दहाला मी, पोरगी आणि सेवा केंद्रवाला असे तिघं बसलो होतो. दोनदा वेळ संपली. तिसऱ्यांदा फोन लागला, मागं गाडीत ऊस भरल्याचा आवाज. बापाला वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या कोयत्यावरचा, म्हणजे दुसऱ्या तोडणी जोडीतला, एक पोरगा आकडे सांगत होता, “चार... सात... थांबा, रेंज गेली, पुन्हा म्हणतो.”