एक्स्टर्नल हार्ड डिस्क खरंच गेलीय का, कसं ओळखायचं?

डिस्क जोडल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायची का?' असं विचारत असेल, तर आधी 'कॅन्सल' दाबा. आतल्या फायली बऱ्याचदा शाबूत असतात, बिघडलेली असते ती फक्त त्यांची नोंदवही.

आता डिस्क टेबलावर सपाट ठेवून कान लावा. हलकी, एकसारखी घरघर चांगली. टक्-टक्, क्षणभर शांतता, पुन्हा टक्-टक् असं चालू असेल तर हेड (डिस्कवरचा डेटा वाचणारा भाग) अडखळतंय, नाहीतर वीज कमी पडतेय. म्हणून एकदाच, हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) न वापरता, दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. तरीही टकटक थांबली नाही तर डिस्क काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा तो प्रसिद्ध उपाय मात्र नको, आत दव धरतं.

आवाज नसला तरी केबल बदलून बघाच. डिस्कच्या बाजूला जी रुंद, चपटी पिन बसते, तिची खाच सैल होते. माझी एक 'मेलेली' डिस्क नव्या केबलवर निमूट चालू झाली होती, तोवर मी नवीन डिस्क विकतही आणली होती!

डिस्क दिसतेय पण कॉपी करताना अडकतेय? मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडा (लिनक्सवर स्मार्टसीटीएल). तीन ओळी बघा: ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले, सी६ म्हणजे वाचताच न येणारे. शेवटच्या रकान्यात तिन्हींपुढे शून्य हवा. क्रिस्टलडिस्कइन्फोत हा आकडा सहसा हेक्समध्ये असतो, म्हणजे तिथलं १० हे खरं तर १६. आज चार, उद्या चाळीस असं वाढत असेल तर डिस्क चालली. सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असेल आणि बाकी शून्य असेल, तर दोष बहुधा जोडणीचा.

सीएचकेडीएसके, म्हणजे विंडोजचा डिस्क-दुरुस्तीचा प्रोग्रॅम, लगेच चालवू नका. दुरुस्तीच्या नावाखाली तो डिस्कवर लिहितो, आणि दमलेल्या डिस्कला ते झेपत नाही. आधी महत्त्वाचं फोल्डर उचला, सिनेमे नंतर. कॉपी सारखी अडत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा: सहज वाचता येणारा भाग ते आधी काढून घेतं, अडलेल्या जागी नंतर परततं. प्रत दुसऱ्या डिस्कवर उघडून पाहिली की मग हवी तेवढी दुरुस्ती करा.