पासवर्ड बदलायच्या आधी नेट तोडा

खानापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पहाणी उतारे (जमिनीचे, सातबारासारखे) काढून देणाऱ्या, मराठी-कन्नड लग्नपत्रिका टाइप करणाऱ्या एक काकू मागच्या पावसाळ्यात आल्या. "पासवर्ड तीनदा बदलला ओ, तरी माझा मेल कोणतरी उघडतंयच!" तिन्ही वेळा त्यांनी तो त्याच कॉम्प्युटरवर बदलला होता. तिथे कीलॉगर नावाचा चोरटा प्रोग्रॅम असेल, तर तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण तो टिपतो आणि नेटवरून चोराकडे धाडतो. म्हणजे नवा पासवर्डसुद्धा आपणच त्याच्या हातात दिला.

म्हणून आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मग सीपीयू फिरवून मागे बघा. कीबोर्डची पिन आणि यूएसबीचं भोक यांच्यामध्ये अंगठ्याच्या पेराएवढा एखादा तुकडा बसवलाय का? हाही कीलॉगरच, आणि तो कुठल्याच अँटीव्हायरसला सहसा दिसत नाही. चार माणसं वापरतात त्या कॉम्प्युटरला हे आवर्जून बघा.

काकूंच्या सीपीयूमागे धुळीशिवाय काही नव्हतं. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. स्टार्टअपच्या यादीत, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांत, एक नाव थेट विंडोजच्या अपडेटसारखं. राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं, तर फाइल ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात! विंडोजची स्वतःची फाइल तिथं कशाला राहील? पण अनोळखी दिसलं की उडव, असं करू नका. टचपॅडचे ड्रायव्हरही याच यादीत असतात. आणि यादीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, लपणारे पुष्कळ असतात.

खरी झडती ऑफलाइन स्कॅनची. नेट तेवढ्यापुरतं जोडून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, अपडेट करा, त्या वेळात एक अक्षरही टाइप करू नका, पुन्हा तोडा. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे कीलॉगरला लपायला वेळ मिळत नाही. साधारण 15 मिनिटं लागतात. काकूंचा तिथंच सापडला. कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेल्या फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर आलेला; ते घालताना अँटीव्हायरस बंद करायला सांगितलं होतं म्हणे. असं कुणी सांगितलं की तिथंच थांबा, कळकळीनं सांगतो.

तरी शंका राहिली तर फोटो आणि कागदपत्रं तेवढी काढून घ्या आणि विंडोज नव्यानं घाला. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेंशनं (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) हीही काढा.

पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. आधी मेलचा, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा आणि मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होतोय का बघा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. आपल्याकडे बँकेचं एक खातं कर्नाटकात बेळगावात, दुसरं महाराष्ट्रात चंदगडला असतं. नंबर दोन्हीकडे हाच.

काकूंनी चौथा पासवर्ड माझ्या दुकानात बसून, लेकीच्या फोनवरून बदलला.