नियतकालिक की ग्रंथ? तालिकीकरणाआधीचा निर्णय

ग्रंथालयात तालिकीकरणासाठी, म्हणजे सूचीत नोंद करण्यासाठी, नवीन आवक टेबलावर आली की नवखे सहकारी आधी बांधणी बघतात. स्टेपल मारलेलं पातळ दिसलं की नियतकालिकाच्या गठ्ठ्यात, पुठ्ठ्याचं जाड दिसलं की पुस्तकांच्या. मी त्यांना तो गठ्ठा मोडून पुन्हा लावायला सांगते. वार्षिकं कापडी बांधणीत पाचशे पानांची निघतात, आणि सोळा पानांची पुस्तिका हा पूर्ण, स्वतंत्र ग्रंथ असू शकतो. विचारायचं ते एवढंच: हे प्रकाशन कुठे संपणार, हे प्रकाशकाने आधी ठरवलं आहे का?

ठरवलं असेल तर तो ग्रंथ. बारा खंड काढायचे ठरले आणि ते पुरे व्हायला वीस वर्षं लागली, तरी तो बहुखंडी ग्रंथच. शेवट ठरलेला नाही, भाग एकामागून एक येत आहेत आणि त्यांवर सहसा क्रमांक किंवा कालखंड आहे, तर ते नियतकालिक; मग दोन अंकांनंतर ते बंद पडलं तरी ते नियतकालिकच राहतं. याला एक अपवाद आहे. एखाद्या परिषदेच्या किंवा स्पर्धेच्या दिवसांत रोज निघणारं वार्तापत्र कधी थांबणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याला अंक आहेत, ठरलेली वारंवारता आहे, म्हणून आरडीए या तालिकीकरणाच्या नियमांत ते नियतकालिकातच धरतात.

प्रकाशकाचा हेतू शोधायला मी शीर्षकपृष्ठ, त्याची मागची बाजू आणि प्रस्तावना या क्रमाने जाते. ‘वर्ष ३, अंक २’, वर्गणीचे दर, ‘दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध होते’ असं काही सापडलं की प्रश्न मिटला. नुसतं ‘खंड १’ असेल तर मात्र थांबा आणि प्रस्तावना वाचाच. ‘नियोजित सहा खंडांपैकी हा पहिला’ असं एक वाक्य तिथे बहुधा मिळतं.

‘आवृत्ती’ हा शब्द सर्वात जास्त चकवतो. पाठ्यपुस्तकाची पाचवी आवृत्ती म्हणजे ग्रंथ, आणि प्रत्येक सुधारित आवृत्तीची नोंद वेगळी. पण निर्देशिकेवर ‘२०२३ आवृत्ती’, पुढच्या वर्षी ‘२०२४ आवृत्ती’ असं दरवर्षी येत असेल, तर ते वार्षिक नियतकालिक आहे.

आता क्रमांक. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, आठ अंकी असतो, चार-चारच्या दोन गटांत, मधे आडवी रेघ; शेवटच्या अंकाच्या जागी कधी ‘एक्स’ येतो. बारकोड ९७७ ने सुरू झाला तर आत आयएसएसएन आहे, ९७८ किंवा ९७९ असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा तसाच क्रमांक. हा चांगला पुरावा आहे, निकाल नाही, कारण दोन्ही क्रमांक एकाच पुस्तकावर असू शकतात. तिथे आयएसएसएन ग्रंथमालेचा असतो आणि आयएसबीएन हातातल्या पुस्तकाचा. लेखक आणि शीर्षक प्रत्येक वेळी वेगळं असेल, तर मी प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र नोंद करते आणि मालेचं नाव मार्क २१ या संगणकीय नोंदीच्या साच्यातल्या ४९० व ८३० या क्रमांकांच्या रकान्यांमध्ये देते. वाचक अशी पुस्तकं लेखकाच्या नावाने मागतो, मालेच्या क्रमांकाने क्वचितच. वार्षिकाला स्वतंत्र शीर्षक नसेल, फक्त वर्ष बदलत असेल, तर सगळ्यांची मिळून एकच नोंद, आयएसएसएन ०२२ मध्ये. परिषदेच्या शोधनिबंध-संग्रहांनाही हाच कस लावा.

विशेषांक जाडजूड आणि देखणा असला, त्याला स्वतःचं नाव आणि आयएसबीएन असला, तरी त्यावर मूळ नियतकालिकाचा अंक-क्रमांक असेल तर तो त्या संचातून काढू नका. संच कायमचा अपुरा दिसेल. त्यातला विषय वाचकापर्यंत पोचायला हवा, म्हणून वेगळी विश्लेषणात्मक नोंद, म्हणजे फक्त त्या अंकापुरती नोंद, करा आणि ७७३ ने मूळ नियतकालिकाच्या नोंदीशी जोडा.

सुट्या पानांचे कायद्यांचे संच, ज्यांत जुनं पान काढून नवं घालतात, ते या दोन्हींत बसत नाहीत. सतत अद्ययावत होणारी संकेतस्थळंही तशीच. मार्क २१ च्या लीडरमध्ये, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या सांकेतिक ओळीत, ०७ या स्थानी ग्रंथाला ‘एम’, नियतकालिकाला ‘एस’ आणि यांना ‘आय’ लिहायचं.

हे अक्षर नीट पडलं पाहिजे यासाठी मी आग्रही आहे. नियतकालिक चुकून ‘एम’ झालं की प्रत्येक अंकाची वेगळी नोंद तयार होते, आणि मधला कोणता अंक आपल्याकडे नाही हे वाचकाला कुठेच दिसत नाही.

हातात एकच अंक आहे आणि शंका उरली, तर आयएसएसएन पोर्टल या संकेतस्थळावर शीर्षक शोधा. तिथेही नसेल, तर जे पुरावे आहेत त्यांवर निर्णय घ्या, कोणता अंक पाहून वर्णन केलं ते ५८८ मध्ये लिहा, आणि पुढचा अंक आला की नोंद पुन्हा उघडा.