ब्लेड रनर बघायचाय? आधी कोणता कट लावायचा ते ठरवा

पाऊस लागला की आमच्या ऐरोलीच्या ग्रुपमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, ब्लेड रनर बघायचाय पण हे थिएट्रिकल, डायरेक्टर्स कट, फायनल कट अशा एकाच पिक्चरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची काय भानगड आहे, लावायचा कुठला? पहिल्यांदाच बघणार असाल तर फायनल कट, २००७ चा, बिनधास्त. का आणि कसा ओळखायचा ते सांगतो, आणि शेवट फुटेल अशा गोष्टी मुद्दाम मागे ठेवल्यात, तिथे आलं की आधी सांगेन.

एवढे कट झाले कसे तर रिडली स्कॉटने १९८२ मध्ये पिक्चर बनवला, फिलिप के. डिकच्या १९६८ च्या कादंबरीवरून. रिलीजच्या आधी डेन्व्हर आणि डॅलसमध्ये कच्ची प्रिंट लोकांना दाखवली, तीच वर्कप्रिंट, लोकांना काही झेपलं नाही, मग हॅरिसन फोर्डचा व्हॉइसओव्हर घातला गेला आणि शेवट गोड करून टाकला. तो अमेरिकन थिएट्रिकल कट. बाहेरच्या देशांत गेला त्यात मारहाण जरा जास्त होती, तो इंटरनॅशनल कट. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरला ती जुनी वर्कप्रिंट दाखवली गेली, पुढच्या वर्षी परत लावली तर लोकांनी गर्दी केली, त्यावरून स्टुडिओला कळलं की व्हॉइसओव्हरशिवायचा पिक्चर लोकांना हवाय, आणि १९९२ मध्ये डायरेक्टर्स कट आला. पण तो घाईत झाला, स्कॉट स्वतः त्यावर खूश नव्हता. पूर्ण त्याच्या मर्जीने झालेला एकच कट म्हणजे फायनल कट. सॅन दिएगोला एकदाच दाखवलेली प्रिंट आणि १९८६ ला अमेरिकन टीव्हीवर कापून दाखवलेली, या दोन्ही मोजल्या तर सात होतात, पण त्या दोघींच्या मागे लागू नका.

आता ओळखायचा कसा. बरेच जण रनटाइम बघतात, त्याचा काही उपयोग नाही, थिएट्रिकल ११७ मिनिटं, डायरेक्टर्स कट ११६, फायनल परत ११७. अ‍ॅपवर नावही कधी नुसतं ब्लेड रनर एवढंच असतं. त्यामुळे सुरुवातीलाच, डेकर्ड, म्हणजे फोर्डचं पात्र, पहिल्यांदा दिसतो तिथे कान द्या, पावसात पेपर वाचत बसलाय आणि नूडल्सच्या गाडीवर जागा व्हायची वाट बघतोय. तिथे त्याचा आवाज मागून स्वतःबद्दल बोलायला लागला तर तो थिएट्रिकल किंवा इंटरनॅशनल, बंद करा. नुसता शहराचा गोंगाट असेल तर डायरेक्टर्स किंवा फायनल. या दोघांतला फरक पुढे पोलीस साहेब ब्रायंटच्या ऑफिसात कळतो. जुन्या कट्समध्ये तो म्हणतो सहा रेप्लिकंट, म्हणजे बनवलेली कृत्रिम माणसं, पळाले, एक जळून मेला, म्हणजे उरायला पाहिजेत पाच, पण पिक्चरभर दिसतात चारच, कारण पाचवीचं पात्र शूटिंगच्या आधीच गळलं आणि डायलॉग तसाच राहिला. फायनल कटमध्ये तो दोन जळाले म्हणतो आणि हिशोब जुळतो.

बघायची तयारी पण नीट करा, पिक्चर जवळजवळ अख्खा रात्रीचा आणि पावसाचा आहे, दुपारी पडदे उघडे ठेवून लावलात तर टीव्हीवर स्वतःचा हॉलच दिसेल. रात्री लावा, लाइट बंद, टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग असेल ते आधी बंद करा नाहीतर सगळं सीरियलसारखं गुळगुळीत दिसतं. घोडबंदर रोडला लागून घर असेल तर सरळ हेडफोन लावा, व्हँगेलिसचं म्युझिक बऱ्याच ठिकाणी इतकं हळू आहे की ट्रकच्या आवाजात मरून जातं. सबटायटल्स चालू ठेवा. गॅफ नावाचा पोलीस जी भाषा बोलतो त्यात हंगेरियनपासून काय काय मिसळलंय, ती नाही कळली तरी चालतं, कळायला नकोच आहे. मुलं जवळ असतील तर रेप्लिकंट बनवणाऱ्या टायरेलच्या खोलीतला सीन आधीच लक्षात ठेवा, फायनल कटमध्ये इंटरनॅशनलचं सगळं रक्त आहे.

इथून पुढे शेवट फुटणार आहे, बघितला नसेल तर बघून या.

फायनल कट बघून झाला की दुसऱ्या दिवशी थिएट्रिकलची शेवटची वीस मिनिटं लावा, फक्त तेवढीच. रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय गच्चीवर डेकर्डला हाताला धरून वर ओढून घेतो, मग समोर पावसात बसतो, हातात कबूतर, आणि ते काही वाक्यांचं बोलणं, जे रॉय झालेल्या रटगर हाउअरने स्वतः कापून छोटं केलं होतं. मान खाली जाते, कबूतर सुटतं. जुन्या कटमध्ये ते उडतं ते स्वच्छ दिवसाच्या आकाशात, पाऊस एकदम गायब, फायनलमध्ये ते अंधारातच उडतं जसं पाहिजे तसं. आणि थिएट्रिकलमध्ये आपण नुसतं डेकर्डच्या चेहऱ्याकडे बघत असतो तेव्हाच व्हॉइसओव्हर येऊन सांगायला लागतो की याने माझा जीव का वाचवला असेल. अहो तेच तर आपण विचार करत होतो! माणसाला मारायला आलेला कृत्रिम माणूस स्वतः मरताना त्याला जगवतो, ते समजावून सांगायची गोष्ट नाहीये, गप्प बसून बघायची आहे, आणि माझ्यासाठी फायनल कट निवडायचं हे एकच कारण पुरेसं आहे.

मग येतो तो गोड शेवट, डोंगरातून गाडी चाललीय, सोबतच्या रेचेल या रेप्लिकंटला बाकीच्यांसारखी चार वर्षांच्या आयुष्याची मुदतच नाही असं सांगून मोकळे. ती वरून घेतलेली डोंगरांची दृश्यं कुब्रिकच्या द शायनिंगचं उरलेलं फुटेज आहे. फायनलमध्ये लिफ्टचं दार बंद होतं आणि संपलं.

युनिकॉर्नचं पण इथेच. गॅफने ठेवलेला कागदाचा युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडा, सगळीकडे आहे, पण डेकर्ड पियानोपाशी बसलेला असताना त्याच्या डोळ्यांसमोर धावणारा युनिकॉर्न १९९२ पासूनच आला. तो बघितल्यावर प्रश्न पडतो की गॅफला याच्या डोक्यातलं कसं माहीत, म्हणजे आठवणी बाहेरून घातलेल्या, म्हणजे डेकर्ड पण रेप्लिकंट? स्कॉट म्हणतो हो, फोर्ड कित्येक वर्षं माणूसच म्हणत होता. मला फोर्डचं पटतं, कारण डेकर्ड माणूस असेल तरच रॉयने त्याला वाचवणं एवढं लागतं, पण तुम्ही दोन्ही बघून ठरवा.

बारीक दुरुस्त्या बघायची हौस असेल तर झोरा ही रेप्लिकंट काचा फोडत पळते तो सीन लावा, जुन्यात विग घातलेली स्टंटवाली सरळ ओळखू येते, २००७ साठी जोआना कॅसिडीला परत बोलावून तिचा चेहरा तिथे बसवला. सापवाल्याकडे डेकर्डचे ओठ आणि शब्द जुळत नव्हते, तिथे फोर्डच्या मुलाचं तोंड वापरलंय. आणि रॉय टायरेलकडे आयुष्य वाढवून मागतो तेव्हा आधी शेवटी शिवी होती, आता तो बाप म्हणतो, जे मला कितीतरी जास्त भिडतं.

एक सांगायचं राहिलं, घरी आई-बाबांना दाखवायचा असेल आणि इंग्लिश पिक्चरची फारशी सवय नसेल तर थिएट्रिकल लावायला हरकत नाही, व्हॉइसओव्हरमुळे कोण कोणाच्या मागे आहे ते तरी कळतं. डायरेक्टर्स कट मात्र आता फायनल असताना मुद्दाम शोधत बसू नका.

ब्लेड रनर २०४९ हा पुढचा भाग लगेच लावू नका, पावणेतीन तासांचा आहे, सुट्टीच्या रात्रीसाठी ठेवा. कुठलाही कट बघितलात तरी तो पुढे जुळतो, डेकर्ड कोण ते त्याचा दिग्दर्शक व्हिलनव्हने उघडंच ठेवलंय. त्याआधी तीन छोट्या फिल्म्स आल्या होत्या, त्यातली ब्लॅक आउट २०२२ ही वातानाबेची अ‍ॅनिमे तरी बघून घ्या, २०४९ मध्ये त्या ब्लॅकआउटचा उल्लेख येतो तेव्हा शेजारच्याला विचारावं लागणार नाही.